इंटरनेटवरील बालशोषण व त्याचा प्रतिबंध

अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या लैंगिक शोषणासाठी संगणक, मोबाईल व त्यांना जोडणारे जाळे ह्यांचा केलेला वापर म्हणजे इंटरनेटवरील बालशोषण होय. बालकाच्या शोषणाची छायाचित्रे वा चित्रफिती तयार करणे, त्या जवळ बाळगणे, इतरांना पाठविणे वा विकणे, खोटी ओळख सांगून बालकाचा विश्वास संपादन करणे व त्यास शोषणाकडे ओढणे, तसेच हाती आलेली छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसा उकळणे, ह्या सर्व कृत्यांचा त्यात समावेश होतो. सर्वसाधारण फौजदारी गुन्ह्यात कृत्य एकदा घडून संपते. येथे मात्र बालकावरील अत्याचाराचे चित्रण शिल्लक राहते आणि ते जितक्या वेळा पाहिले वा पाठविले जाते, तितक्या वेळा त्या बालकाची अप्रतिष्ठा नव्याने होते. ह्या वैशिष्ट्यामुळे जुन्या फौजदारी कायद्यातील तरतुदी अपुऱ्या ठरल्या व त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले.

ह्या अपराधाविरुद्धच्या कारवाईच्या इतिहासात दोन स्थित्यंतरे ठळकपणे दिसतात. पहिले कायद्याचे आहे. आरंभी असे चित्रण म्हणजे सार्वजनिक नीतिमत्तेस बाधक असे अश्लील साहित्य, एवढीच कायद्याची दृष्टी होती. पुढे ते बालकाविरुद्धचा अपराध व अपराधाचा पुरावा मानले जाऊ लागले. दुसरे स्थित्यंतर तपासाचे आहे. पूर्वी गुन्ह्याची पहिली वर्दी गावातील पोलीस ठाण्यात मिळे व तेथून ती वरिष्ठांकडे जाई. आता ती पुष्कळदा परदेशातून निघते आणि दिल्ली व मुंबई ह्या मार्गाने जिल्ह्यात पोहोचते. मराठवाड्यातील बीडसारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या संदर्भात ह्या दोन्ही स्थित्यंतरांचे परिणाम विशेष स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी : १८६० च्या भारतीय दंड संहितेत अश्लील पुस्तके, चित्रे इत्यादींची विक्री व प्रदर्शन दंडनीय ठरविण्यात आले होते. अश्लील प्रकाशनांच्या प्रसारास आळा घालण्यासाठी १९२३ मध्ये जिनीव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानंतर १९२५ मध्ये ह्या तरतुदींची फेररचना झाली. कलम २९३ अन्वये वीस वर्षांखालील व्यक्तीस असे साहित्य विकणाऱ्यास अधिक शिक्षा होती. ह्या कलमात अल्पवयीन व्यक्ती ही साहित्याची वाचक वा प्रेक्षक म्हणून विचारात घेतलेली होती. तिचेच चित्रण केले जाईल, अशी कल्पना त्यात नव्हती [⟶ अश्लीलता]. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथे संस्थानचे कायदे चालत. सप्टेंबर १९४८ मधील विलीनीकरणानंतर, १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली. १९५६ मध्ये हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

बालकांचे चित्रण हा स्वतंत्र व गंभीर प्रश्न असल्याची जाणीव पश्चिम भारतात प्रथम गोव्यातील एका खटल्यामुळे झाली. मडगाव येथे अनाथ मुलांसाठी आश्रम चालविणाऱ्या एका व्यक्तीस १९९१ मध्ये अटक झाली. तिच्याजवळ मुलांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे व त्यांच्या निगेटिव्ह सापडल्या. १९९६ मध्ये तिला जन्मठेपेची शिक्षा झाली. हे सर्व चित्रण कागदावरचे होते. ते डाकेने वा हस्ते परहस्ते जाई, आणि घराची झडती घेऊन पंचनामा केला, की ते बव्हंशी जप्त होत असे. गोव्याने २००३ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला व छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानदारांवर असे चित्रण आढळल्यास पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले. चित्र ज्याच्या हातातून जाते त्याने खबर द्यावी, हे तत्त्व येथे प्रथम दिसते. पुढे इंटरनेट कंपन्यांच्या बाबतीत हेच तत्त्व जगभर महत्त्वाचे ठरले.

डिसेंबर २००० मध्ये मुंबई पोलिसांनी एका स्विस दांपत्यास अल्पवयीन मुलींच्या चित्रणाच्या आरोपावरून अटक केली व मार्च २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यास सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. ह्याच महिन्यात, म्हणजे १८ डिसेंबर २००० रोजी, मुंबई पोलिसांच्या सायबर गुन्हे अन्वेषण कक्षाचे उद्‌घाटन झाले. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सायबर कॅफेंमधून अल्पवयीन मुलांना सहज उपलब्ध होणाऱ्या अश्लील साहित्याची स्वतःहून दखल घेतली व एक विशेष समिती नेमली. समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल सादर केला. ग्राहकाची ओळख नोंदविणे व अल्पवयीन मुलांना आडोसा नसलेल्या जागेतील संगणकच वापरू देणे, अशा उपायांवर तिचा भर होता. त्या काळी इंटरनेट हे एका दुकानात, एका ठरावीक जागी मिळत असे. त्यामुळे दुकानावर नियंत्रण ठेवले म्हणजे पुरे, ही समजूत स्वाभाविक होती. पुढील दीड दशकात इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात आले आणि ह्या उपायांचे महत्त्व ओसरले.

कायद्याची जडणघडण : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्यातील कलम ६७ संगणकीय माध्यमातून अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याविषयी होते. बालकांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता. ह्या अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्यास करता येत नसे. जिल्ह्यात ह्या दर्जाचे अधिकारी मोजकेच असल्याने तालुक्याच्या ठाण्यांत हा कायदा फारसा वापरला जाणे शक्य नव्हते.

२००८ मध्ये संमत झालेली व २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आलेली दुरुस्ती ह्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. तिने ‘६७-ब’ हे कलम घातले. बालकाचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे वा पाठविणे, ते तयार करणे, गोळा करणे, शोधणे, उतरवून घेणे, त्याची जाहिरात वा देवघेव करणे, बालकास इंटरनेटवरून लैंगिक हेतूने संबंधांत ओढणे आणि अशा शोषणास साहाय्य करणे ही सर्व कृत्ये त्याखाली अपराध ठरली. पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत व पुढील अपराधास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली. ह्याच दुरुस्तीने तपासाचे अधिकार पोलीस निरीक्षकास मिळाले. त्यामुळे गेवराई वा धारूर येथील ठाण्याच्या प्रमुखासही असा तपास करणे कायद्याने शक्य झाले.

ह्याच सुमारास मुंबईतील कुलाबा भागातील मुलांच्या निवाऱ्यात घडलेल्या अत्याचारांचा खटला गाजत होता. त्यातील दोघा ब्रिटिश नागरिकांना उच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्दोष ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांची शिक्षा पुन्हा कायम केली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे दंड संहितेतील इतर कलमांचा आधार घ्यावा लागतो, ही उणीव अशा खटल्यांतून स्पष्ट झाली. बालकांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला होता. बालकांची विक्री, बालवेश्याव्यवसाय व बालकांचे अश्लील चित्रण ह्यांविषयीच्या २००० मधील पूरक करारास त्याने २००५ मध्ये अनुसमर्थन दिले होते. ह्या पार्श्वभूमीवर ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. ‘पोक्सो’ ह्या संक्षिप्त नावाने तो सर्वत्र ओळखला जातो.

पोक्सोची दृष्टी पूर्वीच्या कायद्यांहून वेगळी आहे. कलम १३ व १४ अन्वये लैंगिक चित्रणासाठी बालकाचा वापर करणे हा अपराध ठरला; कलम १५ असे साहित्य जवळ बाळगण्याविषयीचे आहे. कलम १९ नुसार अपराध घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, तर कलम २० ने हे बंधन छायाचित्रणगृहे, हॉटेले, रुग्णालये व प्रसारमाध्यमे ह्यांच्यावर स्पष्टपणे घातले. तपास करणाऱ्यांनी कसे वागावे, हेही ह्या कायद्याने सांगितले. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. बालकास रात्री ठाण्यात ठेवू नये. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती व विशेष न्यायालय ह्यांना कळवावे. सुनावणी बंद दालनात व्हावी आणि आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू नये, अशा त्याच्या तरतुदी आहेत. बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

१६ ऑगस्ट २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कलम १५ चे तीन भाग केले. असे साहित्य इतरांना देण्याच्या हेतूने जवळ ठेवून ते नष्ट न करणारा वा त्याची खबर न देणारा, ते प्रत्यक्ष पसरविणारा किंवा त्यासाठी बाळगणारा, आणि त्याचा व्यापार करण्यासाठी ते साठविणारा अशी प्रतवारी करून चढत्या क्रमाने शिक्षा ठेवण्यात आल्या. केवळ मोबाईलमध्ये चित्रफीत उतरवून पाहणे हा अपराध होत नाही, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी रद्द ठरविला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व जमशेद पारडीवाला ह्यांच्या पीठाने ह्या निकालात परिभाषेचाही विचार केला. अशा चित्रणास अश्लील साहित्याचा एक प्रकार समजणे चुकीचे असून ते बालकाच्या ‘लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य’ होय, असे म्हणून न्यायालयांनी जुनी संज्ञा वापरू नये, असा निर्देश पीठाने दिला व संसदेने कायद्यात तसा बदल करावा, असे सुचविले. १९२५ मधील कलमांपासून सुरू झालेले दृष्टीचे स्थित्यंतर ह्या निकालात पूर्णत्वास गेले, असे म्हणता येईल.

शोधाची साखळी : इंटरनेटवर रोज कोट्यवधी छायाचित्रांची देवघेव होते, त्यांतून शोषणाचे चित्रण हुडकणे माणसांच्या आवाक्यातील काम नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी व डार्टमथ महाविद्यालयातील संगणकतज्ज्ञ हॅनी फरीद ह्यांनी ‘फोटोडीएनए’ नावाची पद्धत विकसित केली. तीत छायाचित्रापासून एक अंकमालिका काढली जाते. बोटाच्या ठशाप्रमाणे ती त्या चित्राचीच निदर्शक असते व चित्राचा आकार वा रंग थोडाफार बदलला, तरी जुळते. एकदा ओळख पटलेल्या चित्राचा असा ठसा नोंदवून ठेवला, की ते चित्र पुन्हा कोठेही चढविले गेल्यास यंत्रास कळते. ही पद्धत ज्ञात चित्रांपुरतीच उपयोगी पडते. नव्याने झालेल्या अत्याचाराचे चित्रण तिच्या साहाय्याने ओळखता येत नाही.

अमेरिकेतील कायद्यानुसार तेथील इंटरनेट कंपन्यांना आपल्या सेवेवर असे साहित्य आढळल्यास ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ ह्या संस्थेस कळवावे लागते. ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली व तिची ‘सायबर टिपलाइन’ १९९८ पासून सुरू आहे. चित्र ज्या जोडणीवरून चढविले गेले, तिच्या अंकीय पत्त्यावरून देश कळतो व सूचना त्या देशाकडे पाठविली जाते. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ह्या संस्थेशी एप्रिल २०१९ मध्ये करार केला. तेव्हापासून सूचना दिल्लीस, तेथून राज्यांच्या मध्यवर्ती सायबर कार्यालयांस व पुढे जिल्ह्यांस जाऊ लागल्या. महाराष्ट्रात हे काम ‘महाराष्ट्र सायबर’ ह्या मुंबईतील कार्यालयाकडे आले व २०२० मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ह्या नावाने त्याने राज्यभर मोहीम हाती घेतली. नागरिकांना तक्रार नोंदविण्यासाठी केंद्र शासनाचे संकेतस्थळ सप्टेंबर २०१८ पासून उपलब्ध झाले होते.

केंद्रीय अन्वेषण विभागाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ह्या अपराधांसाठी दिल्लीत स्वतंत्र पथक स्थापन केले. नोव्हेंबर २०२१ मधील त्याच्या ‘ऑपरेशन कार्बन’ ह्या मोहिमेत चौदा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत ७७ ठिकाणी झडत्या झाल्या. झडतीच्या ठिकाणांत महाराष्ट्रातील जळगाव व धुळे ह्यांचा समावेश होता. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘ऑपरेशन मेघचक्र’ मोहिमेत ५९ ठिकाणी अशीच कारवाई झाली. त्याच वर्षी इंटरपोलच्या बालशोषणविषयक आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रहाशी भारत जोडला गेला. हा संग्रह चित्रातील पार्श्वभूमी, भिंतीवरील मजकूर, आवाज इत्यादी खुणांवरून पीडित बालकाची ओळख पटविण्यासाठी वापरला जातो. हा प्रश्न महानगरांपुरता मर्यादित नाही, हे उत्तर प्रदेशातील एका प्रकरणातून दिसून आले. बांदा, चित्रकूट व हमीरपूर ह्या ग्रामीण जिल्ह्यांतील अनेक मुलांचे सु. दहा वर्षे शोषण करून त्याचे चित्रण विकल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०२० मध्ये पाटबंधारे खात्यातील एका कनिष्ठ अभियंत्यास अटक झाली. एवढ्या काळात गावात त्याची वाच्यता झाली नव्हती.

सूचनांची संख्या प्रचंड आहे. २०१९ मध्ये जगभरातून सु. १.६९ कोटी सूचना आल्या, त्यांपैकी सु. १९.८७ लाख भारताशी संबंधित होत्या व ही संख्या सर्व देशांत सर्वाधिक होती. २०२० मध्ये भारताशी संबंधित सूचना सु. २७.२५ लाख झाल्या. त्याच वर्षी बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांची देशातील नोंद ८४२ असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत होते. त्यांपैकी ७३८ गुन्हे लैंगिक चित्रण प्रसृत करण्याविषयीचे होते. महाराष्ट्रातील गुन्हे १३७ होते. ह्या दोन संख्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. एकच चित्रफीत हजारो लोकांनी पुढे पाठविली, तर तितक्याच सूचना निर्माण होतात, आणि चित्रफितीतील बालक पुष्कळदा दुसऱ्याच देशातील असते. तथापि सूचना कितीही आल्या, तरी प्रत्येकीचा तपास अखेर कोणत्या तरी पोलीस ठाण्यातील माणसांनाच करावा लागतो, ही मर्यादा ह्या आकड्यांतून लक्षात येते.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. बालाघाटच्या डोंगररांगांतील कोरडवाहू शेती व वारंवार पडणारे दुष्काळ ह्यांमुळे येथील लाखो लोक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेऊन पतिपत्नीच्या जोडीने, म्हणजे ‘कोयत्याने’, हे काम केले जाते. मुले एक तर आईवडिलांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात किंवा गावी आजीआजोबांकडे ठेवली जातात. मुलींना मागे ठेवण्याची भीती हे येथील बालविवाहांचे एक प्रमुख कारण सांगितले जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले.

ह्या परिस्थितीत मोबाईल आला. २०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. मार्च २०२० पासून साथीच्या काळात शाळा बंद राहिल्यामुळे पाठ मोबाईलवरून होऊ लागले व घरातील एकमेव मोबाईल मुलांच्या हाती गेला. फडावर असलेल्या आईवडिलांना मुलांची ख्यालीखुशाली कळण्याचे साधनही तेच होते. त्यामुळे मोबाईल काढून घेणे हा उपाय अशा कुटुंबांना परवडण्यासारखा नाही. घरातील वडील माणसांना पुष्कळदा त्याची नीटशी माहिती नसते. मूल कोणाशी बोलते, हे त्यांना कळत नाही. शाळा, वसतिगृह किंवा शिकवणीवर्ग येथील प्रौढ व्यक्तीचा मुलांवरील अधिकार अशा वेळी वाढतो आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्यास मूल धजत नाही. हंगामी वसतिगृहे, पूर्वीच्या साखरशाळा आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मंजूर केलेली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीची संत भगवानबाबा वसतिगृह योजना हे शिक्षणविषयक उपाय असले, तरी बालशोषणाच्या प्रतिबंधाशीही त्यांचा निकटचा संबंध आहे.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०१६ रोजी जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या. पुढे सायबर पोलीस ठाण्यांची रचना झाली. त्यामुळे पूर्वी मुंबई-पुण्यावर अवलंबून असलेला प्राथमिक तांत्रिक तपास जिल्ह्यात होऊ लागला. मुंबईहून आलेली सूचना जिल्हा पोलीस अधीक्षकांमार्फत सायबर शाखेकडे जाते. सूचनेत बहुधा जोडणीचा अंकीय पत्ता, दिनांक, वेळ व खात्याचे नाव एवढेच असते. दूरसंचार कंपनीकडून त्या वेळी तो पत्ता कोणाकडे होता, ह्याची माहिती मागविली जाते. मोबाईल जोडण्यांत एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटला जातो. त्यामुळे नेमकी वेळ व इतर तांत्रिक तपशील नसल्यास माग तुटतो. क्रमांक मिळाला तरी सिमकार्ड एकाच्या नावे, मोबाईल दुसऱ्याच्या खिशात व वापर तिसऱ्याचा, असे प्रकार आढळतात. कार्डाचा धनी त्या वेळी सांगली वा कोल्हापूर भागातील एखाद्या कारखान्याच्या फडावर असू शकतो. यंत्राने दिलेला पत्ता व गुन्हा करणारी व्यक्ती ह्यांमधील हे अंतर चौकशीनेच भरून काढावे लागते आणि त्यासाठी गाव, वस्ती व माणसे ओळखणारा स्थानिक पोलीसच उपयोगी पडतो.

पुरावा व खटला : जप्त केलेला मोबाईल हा अशा खटल्यातील मुख्य मुद्देमाल असतो. तो पंचांसमक्ष मोहोरबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. मोबाईल ठाण्यात पुन्हा चालू करून पाहिल्यास त्यातील नोंदी बदलतात व बचाव पक्षास आक्षेपास जागा मिळते. संगणकीय नोंद पुरावा म्हणून सादर करताना आवश्यक असणाऱ्या प्रमाणपत्राविषयी दीर्घकाळ मतभिन्नता होती. तिचा निर्णय बीडच्या शेजारील जालना जिल्ह्यातून उद्भवलेल्या एका प्रकरणात झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीविषयीच्या ह्या वादात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा पुरावा महत्त्वाचा होता. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. त्याच दिवसापासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले.

पोक्सोखालील खटले सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयात चालतात. न्यायालयाने अपराधाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष व शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालास लागणारा वेळ व साक्षीदारांचे स्थलांतर ह्या दोन कारणांनी ती पुरी होणे कठीण जाते. पीडित बालक व त्याचे आईवडील वर्षातील पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर असतील, तर तारखांना हजर राहण्यासाठी त्यांना रोजगार बुडवावा लागतो. अशा वेळी आपसांत मिटविण्याचा दबाव येतो. चोवीस तासांत बालकल्याण समितीस कळविण्याची तरतूद आणि २०१३ पासूनची राज्य शासनाची ‘मनोधैर्य’ ही अर्थसाहाय्याची योजना, ह्यांचे महत्त्व येथे आहे. बालकांसाठीची १०९८ ही दूरध्वनिसेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली व पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती राज्य शासनांच्या यंत्रणेत समाविष्ट करण्यात आली.

मर्यादा व मतभेद : ह्या कारवाईविषयी काही प्रश्न अनिर्णित आहेत. संदेश केवळ पाठविणाऱ्यास व घेणाऱ्यासच वाचता यावा, अशा गुप्तलेखनाची सोय कंपन्यांनी वाढविली आहे. नागरिकांच्या खासगीपणाचे त्यामुळे रक्षण होते. पण अशा संदेशांतील चित्रे कंपनीस तपासता येत नाहीत व सूचनांचा उगमच आटतो. जगभरातील सूचनांची संख्या २०२३ मध्ये सु. ३.६२ कोटी होती, ती २०२४ मध्ये सु. २.०५ कोटींवर आली. समान सूचना एकत्र नोंदविण्याची नवी पद्धत हे त्याचे एक कारण असले, तरी गुप्तलेखनाचा वाटाही त्यात असल्याचे मानले जाते. दुसरा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेल्या चित्रांचा आहे. एखाद्या मुलीच्या साध्या छायाचित्रावरून असे चित्र काही क्षणांत तयार करता येते. २०१९ च्या दुरुस्तीतील व्याख्येत संगणकाने बनविलेल्या, खऱ्या बालकापासून वेगळ्या न ओळखता येणाऱ्या चित्रांचा समावेश असल्यामुळे कायदा येथे अपुरा पडत नाही; पण मूळ चित्र व बनावट चित्र वेगळे करणे तपासास जड जाते.

तिसरा मतभेद किशोरवयीन मुलांविषयी आहे. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी परस्परसंमतीने पाठविलेली छायाचित्रेही शब्दशः ह्या कायद्यांत येतात. अशा मुलांस गुन्हेगार ठरविणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, असे एक मत आहे. तर अशाच छायाचित्रांतून पुढे धमक्या व खंडणी उद्भवतात, म्हणून सवलत नसावी, असे दुसरे मत आहे. शिक्षेच्या भीतीने मूल तक्रार करण्याचे टाळते व धमकी देणाऱ्याच्या अधिकच आहारी जाते, हा व्यवहारातील अनुभव ह्या वादात दुर्लक्षिता येत नाही.

मडगावच्या खटल्यापासूनच्या तीन दशकांत कायदा पुष्कळ पुढे गेला व यंत्रांनी चित्र ओळखण्याचे काम सोपे केले. पण ही साखळी चित्रापासून सुरू होते. ज्या बालकाचे चित्रण कधी इंटरनेटवर आलेच नाही, किंवा जे गुप्त संदेशातून एकाच माणसापर्यंत गेले, त्याची सूचना कोणतीही परदेशी संस्था देऊ शकत नाही. ते बालक शाळेतील शिक्षिका, अंगणवाडी सेविका, वसतिगृहाची अधीक्षिका किंवा पोलीस पाटील ह्यांपैकी कोणाजवळ तरी बोलले, तरच कायद्यास त्याच्यापर्यंत पोहोचता येते. पोक्सोने खबर देण्याचे बंधन प्रत्येकावर घातले, ते ह्याच कारणाने. बीड जिल्ह्यातील गावे हंगामात अर्धी रिकामी होतात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांना असे बोलण्याजोगे माणूस उपलब्ध असणे, हा तेथील प्रतिबंधाचा पाया ठरतो.